पोळ्याचा रंग लावलेलं इंजिन

मोटारसायकलच्या इंजिनावर हवा लागायला असलेल्या पात्यांमध्ये कुठे रंगाचा ठिपका दिसला की ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. खून नाही, दरोडा नाही. वरिष्ठांच्या बैठकीत दोन ओळींत संपावं एवढंच काम. पण नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आणि हे मात्र टिकून आहे. त्याला आणखी एक कारण आहे. निवृत्त झाल्यापासून गल्लीतली पोरं मला हमखास विचारतात, "काका, गाडीचा पिकअप वाढवायचाय, कोणत्या दुकानात टाकू?" पोलिसाला गावातली सगळी दुकानं माहीत असतात असा लोकांचा समज असतो. तो खराच आहे. फक्त आमची ओळख गिऱ्हाईक म्हणून झालेली नसते. अशा पोराला मी समोर बसवतो, चहा मागवतो आणि ही हकीकत ऐकवतो. नाव कोणाचंच घेत नाही. इथेही घेणार नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मोटारसायकल चोरांनी आमचं डोकं उठवलं होतं. आठवडी बाजारातून गाडी जायची, मांडवापुढून जायची. पूर्णा जंक्शनच्या बाहेर लावलेल्या गाड्या तर मालक रेल्वेत बसला की निघालेल्याच. सकाळची हजेरी झाली की मी पहिला प्रश्न गाड्यांचा विचारायचो आणि आमचे जमादार रोज तेच उत्तर द्यायचे, "तपास चालू आहे, साहेब." हे जमादार अंगाने आडवे, स्वभावाने थंड. गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे त्यांना यंत्रातलं काही कळत नसे आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

पहिली खबर आली ती बसस्टँडजवळच्या न्हाव्याकडून. लोकांना वाटतं, खबऱ्या म्हणजे काळा चष्मा लावून गल्लीबोळात फिरणारा माणूस. प्रत्यक्षात चांगला खबऱ्या एका जागी बसलेला असतो आणि लोक आपणहून त्याच्यापुढे मान वाकवतात. मी दाढीला गेलो होतो. गालाला साबण लावता लावता तो म्हणाला, "सायेब, त्यो राणीसावरगावाकडचा दूधवाला म्हाईत हाय का? त्याची गाडी आता लय पळायलीय."

"पळू दे की."

"तसं न्हवं. माझ्याकडं बी तीच गाडी हाय. त्याच्या इंजिनाचा खोकाच मोठा दिसायलाय. इचारलं तर म्हनतो, बोर वाढवलाय, मोठा पिस्टन टाकलाय. आता मला सांगा, बोर म्हंजी इंजिनातलं भोक, ते आतून वाढत आसतंय. भाईरून कसं काय वाढंल?"

अर्धी दाढी तशीच ठेवून उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. घाई केलेली खबऱ्याला आवडत नाही, आणि वस्तरा त्याच्या हातात होता.

दूधवाला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. सापडला म्हणजे काय, रोजच्यासारखा चार कॅन लटकवून गावात आला. राणीसावरगावाकडचा तो भाग डोंगराचा. तिथल्या एका वाडीतून हा तरुण घरोघरचं दूध गोळा करून शहरात आणायचा. बाप दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला, घरी फक्त आई. मी जमादारांना सांगितलं, आधी त्याला दूध पोचवू द्या, मग गाडी घेऊन या. दूध नासलं तर तपासाला काही फायदा नसतो.

ठाण्याच्या आवारात दोन पंचांसमोर इंजिनाखालचा चिखल पुसला आणि नंबर वाचला. गाडीच्या सांगाड्यावरचा चासी नंबर कागदपत्रांशी जुळत होता. इंजिनाचा नंबर जुळत नव्हता. संगणकावर टाकला, तर ते इंजिन पूर्णा जंक्शनच्या बाहेरून चोरीला गेलेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या गाडीचं निघालं. त्याच कंपनीची, पण मोठ्या ताकदीची गाडी. पोराला हे सांगितलं तेव्हा तो इंजिनापाशी उकिडवा बसला. खोटं बोलणारा माणूस सहसा लगेच बोलायला लागतो. हा आधी स्वतः तो नंबर आकडा आकडा वाचत गेला. मग म्हणाला, "सायेब, दुकानात टाकली व्हती. सकाळी टाकली, संध्याकाळी घेतली. मला वाटलं, काम झालं."

दुकान मला माहीत होतं. पुढे काचेचं दार, आत निळे दिवे, भिंतीवर परदेशी गाड्यांची चित्रं. तिथला मिस्तरी गाड्यांचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायचा आणि तालुक्यातली पोरं ते एकमेकांना पाठवायची. त्याच रस्त्यावर एक जुनं गॅरेजही होतं. तिथल्या मिस्तरीचं तोंड तिखट. हा पोरगा आधी त्याच्याकडेच गेला होता. त्याने म्हणे हाकलून दिलं: "दुधाची गाडी हाय तुझी. शर्यतीला न्यायचीय का? बोर वाढवला तर इंजिन तापंल, पेट्रोल पिईल. मागचं चेनचं मोठं चक्र टाक, चढाला वढंल. जमत नसंल तर जा दुसरीकडं." पोरगा दुसरीकडे गेला. गोड बोलणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात.

"पण तुला एवढी ताकद हवी होती कशाला?" मी विचारलं.

"उगंच. हौस म्हनून."

इथे मला पहिल्यांदा शंका आली. त्याने नजर चुकवली होती. जमादार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, हा काहीतरी लपवतोय." तेही खरं होतं. गुन्हा दाखल झाला, गाडी मुद्देमाल म्हणून जमा झाली, पोराला नोटीस देऊन, जबाब घेऊन सोडलं. चोरीचा माल जवळ बाळगल्याचा आरोप त्याच्यावर उभा होता आणि 'मला माहीत नव्हतं' एवढ्या एका वाक्यावर तो टळत नसतो.

निळ्या दिव्यांच्या दुकानातल्या मिस्तरीला बोलावलं. तो ऐटीत आला. त्याचं म्हणणं साधं: गाडी आली तेव्हा हेच इंजिन होतं. मी खोललंच नाही. सर्व्हिसिंग केली, कार्बोरेटर साफ केला, सायलेन्सर बदलला. झालं. दोघांचे शब्द समोरासमोर, आणि कागद कोणाकडेच नाही. मिस्तरीचं दुकान भरलेलं, माणूस ओळखीचा. दूधवाला चोरीच्या इंजिनावर बसलेला. वजन कुठल्या पारड्यात जाणार हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात एक उंचेपुरे, जाडजूड गृहस्थ आले. डोक्याला पटका, हातात पिशवी. सोनपेठकडचे शेतकरी. खुर्ची दिली तरी बसेनात.

"मी त्या दूधवाल्या पोराचा सासरा व्हनार हाय," ते म्हणाले. "साखरपुडा झालाय. तुळशीच्या लग्नानंतर तारीख धरलीय. मला दुसरं काई इचारायचं न्हाई, सायेब. एकच सांगा. पोरगं चोर हाय का न्हाई?"

नोकरीत असले प्रश्न फार थोड्या लोकांनी मला सरळ विचारले. बाकीचे वशिला घेऊन येतात, नाहीतर ओरडत येतात. मी म्हणालो, "आज मला माहीत नाही. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा."

"थांबतो," ते म्हणाले. "पन सायेब, भाऊबंद थांबू देईनात. लेक म्हनती, थांबा. तिच्यासाठी थांबतो." आणि पिशवीतले पेरू टेबलावर ठेवून निघाले. पेरू परत घ्या म्हणालो, तर म्हणाले, "ठान्यातल्या पोरांना द्या. हे काई लाच न्हाई, घरचे हायेत." तरी मी जमादारांना त्यांच्यामागे पळवून ते परत केले. जमादारांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

त्या माणसाने माझी झोप उडवली, हे कबूल करायला हरकत नाही. एका पोराचं लग्न आणि पुढचं सगळं आयुष्यभराचं नाव माझ्या तपासावर लटकलं होतं. मी पोराला परत बोलावलं, जमादारांना बाहेर पाठवलं आणि सांगितलं, "हौस वगैरे नको. खरं कारण सांग."

तो लाजून लाल झाला. साखरपुड्यानंतर सासरे घर बघायला आले होते. बसमधून उतरल्यावर यानेच त्यांना गाडीवर मागे घेतलं. वाडीच्या अलीकडे मोठा चढ आहे. गाडी अर्ध्यात आली आणि तिचा दम संपला. सासरे खाली उतरले आणि सगळा चढ पायी चालत आले. वर पारावर गावची माणसं बसलेली. हा रिकामी गाडी घेऊन पुढे, पटकेवाले पाहुणे घामाघूम होऊन मागे. "सायेब, गाव अजून हासतंय. मामांना हे सांगू नका. त्यांच्यापायी केलं म्हनून कळलं तर मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

मला हसू आवरेना. पण मनावरचा एक मोठा दगड बाजूला झाला. लपवलेली गोष्ट गुन्हा असतेच असं नाही. बऱ्याचदा ती फजिती असते, आणि माणूस गुन्हा कबूल करील पण फजिती सांगणार नाही.

तरी पुरावा नव्हताच. तो आणला त्याच्या आईने. संध्याकाळी पोराचा डबा घेऊन ती ठाण्याच्या दारात उभी राहिली. पोरगा केव्हाच घरी गेला होता. दोघांची चुकामूक झाली होती. मी तिला आवारात उभी असलेली गाडी दाखवली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे आमचं इंजिन न्हाई."

"कशावरून, बाई?"

"आमच्याला शिंगाचा रंग हाय."

तिने जे सांगितलं ते असं. नवरा गेल्यावर बैलांकडे बघायला माणूस राहिलं नाही, तेव्हा बैल पोळ्याच्या तोंडावर विकावे लागले. शिंगं रंगवायचा चार-पाच रंगांचा डबा आधीच आणून ठेवला होता. बैल गेले, डबा राहिला. "पोळ्याचा दिस कोरडा कसा जाऊ द्यायचा? आता घरात राबतंय कोन, तर गाडी. मग तिलाच ववाळलं आन् इंजिनाला रंग लावला. तवापून दर पोळ्याला लावते. पयला जांभळा, मग गुलाबी. लेकरू चिडतंय, म्हनतंय लोक हासतेत. हासू दे की."

जप्त केलेल्या इंजिनावर रंगाचा कण नव्हता. पण न्यायालयात एवढं चालणार नव्हतं. मिस्तरी म्हणेल, धुतल्यावर निघाला. मी त्या बाईला डबा जपून ठेवायला सांगितलं आणि ही गोष्ट जमादारांशिवाय कोणालाही सांगितली नाही. पोरालाही नाही.

मिस्तरीला परत बोलावलं. दरडावलं नाही, चहा दिला. कारागिराकडून खरं काढायचं तर त्याच्या कामाला नावं ठेवावीत. आरोप तो सहन करतो, कामाची निंदा सहन करत नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी म्हणालो, "एवढं नाव ऐकलं होतं तुझं. पण दूधवाला म्हणतो, गाडी साधी धुतलीसुद्धा नाही. दुधाचा, चिखलाचा थर तसाच होता म्हणे."

तो उसळला. "खोटं बोलायलाय, सायेब! माझ्याकडून गाडी आरशावानी जाती. डिझेल मारलं, ब्रश मारला, पातीन् पाती घासली. आता त्याच्या आईनं इंजिनाला बैलाच्या शिंगाचा रंग फासलाय, त्यो डिझेलनं निघतोय व्हय? तेवढा सोडला तर एक डाग दाखवा मला!"

जमादार दाराशी चहाचे पेले गोळा करत होते. ते तसेच थांबले. मी उठलो आणि मिस्तरीला म्हणालो, "चल, दाखव मला तो रंग."

आम्ही आवारात गेलो. तो गाडीशी वाकला. रंग तिथे नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी उगाच पात्यांमध्ये बोट फिरवत राहिला. मग उठून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पानी देता का, सायेब?"

पुढचं सरळ होतं. पूर्णेहून गाड्या उचलणारा एक जण त्याच्याकडे माल टाकायचा. बोर वाढवायचं खरं काम वेळखाऊ आणि कसबी हात लागणारं. त्यापेक्षा चोरीच्या गाडीचं मोठं इंजिन दोन पट्ट्या वेल्ड करून बसवलं की गिऱ्हाईक संध्याकाळी खूश. आणि निघालेलं इंजिन? त्याचा नंबर घासायचा आणि शेतीची जुगाडं करणाऱ्या एका वेल्डिंगवाल्याला द्यायचं. दूधवाल्याचं इंजिन तिकडेच गेलं होतं. वेल्डिंगवाल्याने ते एका कोळप्याला, पिकातलं तण काढायच्या औताला, जोडून विकलं होतं.

आम्ही पंचांना आणि दूधवाल्याच्या आईला घेऊन त्या शेतावर पोचलो तेव्हा रब्बीच्या ज्वारीत कोळपणी चालू होती. दोन चाकांच्या सांगाड्यावर बसवलेलं ते इंजिन फटफट करत दोन ओळींमधून चाललं होतं. मागे शेतकरी दांडे धरून. आम्हाला बघून तो घाबरला. सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाला, "न्या, सायेब, चोरीचं मला बी नको. पन एवढी पात, हाती घेतलेली वळ, तरी हू द्या. मधीच सोडली तर कुठवर आलो ते उद्या कळायचं न्हाई."

कायद्यात अशी सवलत नाही. मी बांधावर बसलो, जमादार माझ्या शेजारी बसले, पंच बाभळीखाली गेले. पात पूर्ण झाली. इंजिन आमच्यापुढे येऊन बंद झालं. पात्यांमध्ये, तेलाच्या काळ्या राडीतून, गुलाबी रंग दिसत होता. बाईने पदराच्या टोकाने राड पुसली. गुलाबी रंगाचा टवका उडाला होता तिथे खाली जांभळा दिसला.

तिने इंजिनावरून हात फिरवला. मग हसली. "लेकराला म्हनलं व्हतं मी," ती म्हणाली. "बैलच हाय त्यो. बगा, औताला जुंपलाच की न्हाई?"

डब्यातला रंग, इंजिनावरचा रंग आणि घासलेला नंबर, तिन्ही प्रयोगशाळेत पाठवले. घासलेला नंबरही रसायन लावून उठवता येतो, हे मिस्तरीला माहीत नव्हतं. पुढे तो अहवाल आला आणि नंबर जुळला. पूर्णेचा चोरही त्याच आठवड्यात स्टेशनबाहेर दुसऱ्याच्या गाडीवर बसलेला हाती लागला. पण मला स्वतःला अहवालाची गरज उरली नव्हती. त्या शेतातच मला उत्तर मिळालं होतं.

बाजाराच्या दिवशी पटकेवाले गृहस्थ आले. तोच प्रश्न डोळ्यांत. मी म्हणालो, "पोरगा चोर नाही. फसवला गेला. लग्नाची तयारी करा."

ते तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्यानेच तोंड पुसलं. पोरगा व्हरांड्यात उभा होता. तो आत आला आणि मी काही बोलायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं: चढ, पार, गावचं हसणं. मान खाली घालूनच म्हणाला, "मामा, तुमी पायी चाललात, ते मला लय लागलं."

सासरे खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेले. मग असे हसायला लागले की शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावले. "आरं येड्या," ते म्हणाले, "त्या चढावर मी उतरलो, तवा तू वर पाराकडं बघत न्हवतास. पुना पुना मागं वळून बगत व्हतास, मामा यायलेत का न्हाई म्हनून. घरी जाऊन लेकीला मी तेवढंच सांगितलं. गाडी कशी हाय ते मी सांगितलंच न्हवतं."

पोरगा रडला. जमादारांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

न्यायालयाच्या परवानगीने गाडी आणि तिचं मूळ इंजिन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करायच्या हमीवर, दूधवाल्याला परत मिळालं. ते त्याने तिखट तोंडाच्या त्या जुन्या मिस्तरीकडूनच बसवून घेतलं. त्याने याला समोर स्टुलावर बसवलं, प्रत्येक भाग उघडून दाखवला, बदललेले जुने भाग वर्तमानपत्रात बांधून हातात दिले आणि काम संपेपर्यंत सतत बोलणी ऐकवली. मागचं मोठं चक्रही टाकलं. गाडी पळायची कमी झाली, ओढायला लागली.

म्हणून गल्लीतल्या पोरांना मी एवढंच सांगतो. ताकद वाढवायची तर वाढवा, पण आरटीओकडे नोंद करून. दुकान निवडताना दिवे आणि व्हिडिओ बघू नका. तिथे तुम्हाला बसायला स्टूल देतात का ते बघा. जो मिस्तरी तुमच्यासमोर इंजिन उघडतो आणि जुना भाग हातात देतो, त्याचं तोंड कितीही वाईट असलं तरी सहन करा. 'आत येऊ नका, संध्याकाळी या' म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. आणि मी स्वतः शिकलो ते वेगळं. कुठलाही माणूस काही लपवत असेल, तर तो काय लपवतोय यापेक्षा कोणापासून लपवतोय हे आधी विचारावं. निम्मा तपास तिथे होतो.

लग्नाला मी बंदोबस्तामुळे जाऊ शकलो नाही. पुढच्या पोळ्याला मात्र त्या बाईने निरोप धाडला आणि मी आणि जमादार जेवायला गेलो. अंगणात गाडी धुऊन उभी होती. सुनेने तिला ओवाळलं, पुरणपोळीचा घास सीटवर ठेवला आणि डब्यातल्या रंगाचं बोट इंजिनाला लावलं. या वर्षी हिरवा. पोरगा बाजूला उभा होता आणि चिडला नव्हता.

तेवढ्यात खालून चढावर पटका दिसला. सासरे सणाला आले होते, एकटेच, पायी, घामाघूम. जावई गाडीकडे धावला, "मामा, फोन करायचा न्हाई का? खाली आनाया आलो असतो. आता वढती ती!"

"म्हाईत हाय मला," सासरे दम खात म्हणाले. "पन ह्या चढावर चालल्यावर मला लय चांगला जावई मिळालाय. आता मी गाडीवर बसत न्हाई."